फाईल आपली, पण ती कशात उघडायची हे ठरवणार कोण? विंडोज ११ चं पूर्ण प्रकरण

५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलं तेव्हा सगळी चर्चा मधोमध आलेल्या स्टार्ट मेनूची आणि गोल कोपऱ्यांची झाली, पण सेटिंग्जमधल्या एका पानावर त्याहून मोठा बदल झाला होता. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स असं गेलं की 'वेब ब्राउझर' अशी एक ओळ दिसायची, तिच्यावर क्लिक करून क्रोम किंवा फायरफॉक्स निवडला की विषय संपला. ११ मध्ये ती ओळच गेली. त्याऐवजी आधी ॲप निवडायचं आणि मग ते ॲप जे जे उघडू शकतं त्याची यादी येते, त्यातला एकेक प्रकार वेगळा बदलायचा. क्रोमसाठी तेव्हा ही यादी अशी होती: एचटीएम, एचटीएमएल, पीडीएफ, एसएचटीएमएल, एसव्हीजी, वेबपी, एक्सएचटी, एक्सएचटीएमएल, एफटीपी, एचटीटीपी, एचटीटीपीएस. एकूण ११ प्रकार. आणि मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा एज ब्राउझर काढून दुसरा लावायला गेलात की वर आणखी एक खिडकी यायची की बदलण्याआधी एज वापरून तर बघा.

आता विचार करा, एक्सएचटी म्हणजे काय हे किती जणांना माहीत असणार? एफटीपी, म्हणजे फाईल्स पाठवायची जुनी पद्धत, तर क्रोमने त्याच महिन्यात स्वतःमधून पूर्ण काढून टाकलं, तरी यादीत ते होतंच. साधा माणूस दोन-तीन ओळी बदलतो, बाकीच्या तशाच राहतात, आणि मग आठवडाभराने एखादी पीडीएफ भलत्याच ठिकाणी उघडली की त्याला वाटतं आपण केलेलं सेटिंग कम्प्युटरने परस्पर फिरवलं. खरं तर ते कधी पूर्ण झालेलंच नसतं, आणि तसं कुणी त्याला सांगतही नाही.

मायक्रोसॉफ्टचं म्हणणं असं की लोकांनाच बारीक कंट्रोल हवा होता म्हणून ढोबळ गट काढून टाकले. बारीक कंट्रोल ही चांगलीच गोष्ट आहे हे मी मनापासून मानतो, एसव्हीजी एका ॲपमध्ये, पीडीएफ दुसऱ्यात, वेबपी तिसऱ्यात असं ठेवणारी माणसं असतात आणि त्यांना ते करता आलंच पाहिजे. पण बारीक कंट्रोल दिला म्हणून एका फटक्यात बदलायची सोय काढून घ्यायची काही गरज नव्हती, दोन्ही एकाच पानावर सुखाने राहू शकतात. मोझिला, ऑपेरा, विवाल्डी या ब्राउझरवाल्यांनी तेव्हा उघड नाराजी दाखवली. त्यांचा स्वतःचा धंदा त्यात होता हे खरंय, पण म्हणून मुद्दा चुकीचा ठरत नाही.

हे इथपर्यंत आलं कसं

हे सगळं समजायचं तर थोडं मागे जावं लागतं, कारण सुरुवातीला मायक्रोसॉफ्टची बाजू अगदी योग्य होती.

विंडोज एक्सपीच्या जमान्यात कुठलंही सॉफ्टवेअर टाकलं की ते इन्स्टॉल होतानाच आपल्याला हव्या त्या फाईल्सवर ताबा घ्यायचं. मासिकासोबत आलेल्या सीडीवरचा एखादा प्लेअर टाकला की सगळी एमपी३ गाणी त्यात, दुसरा टाकला की सगळी त्यात, आणि फोटो दाखवणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर चुकून घेतलं की जेपीजीचं चिन्हसुद्धा बदललेलं. न विचारता. रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज जिथे ठेवतं तिथे, एक नोंद लिहिली की काम झालं, आणि ती नोंद कुणीही लिहू शकत होतं, त्यात ब्राउझर पळवून नेणारे टूलबारवालेही आले. पुढे विंडोज व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने 'यूजरचॉईस' नावाची वेगळी जागा केली, म्हणजे माणसाने स्वतः निवडलेलं तिथे राहील आणि तेच सगळ्यात वरचढ असेल. पण त्या जागीही प्रोग्रॅम लिहू शकायचे, त्यामुळे प्रश्न सुटला नाही.

२०१२ मध्ये विंडोज ८ ने त्या जागेला हॅश, म्हणजे नोंद खरी आहे का हे पडताळायचा कोड, जोडला. हा भाग जरा जवळून बघण्यासारखा आहे. रजिस्ट्री एडिटर उघडून एचकी करंट यूजर, मग सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, फाईलएक्स्ट्स असं खाली खाली गेलं की तुमच्या कम्प्युटरवरच्या फाईलप्रकारांची लांबलचक यादी लागते. त्यात डॉट पीडीएफमध्ये यूजरचॉईस उघडा. आत दोन महत्त्वाच्या नोंदी दिसतील: एक प्रॉगआयडी, म्हणजे कुठल्या ॲपने उघडायचं त्याचं आतलं नाव (एज ब्राउझर असेल तर तिथे 'एमएसएजपीडीएफ' असतं), आणि दुसरी हॅश, म्हणजे अर्थ न लागणारी अक्षरांची एक छोटी ओळ. ही ओळ फाईलचा प्रकार, तुमच्या विंडोज अकाउंटचा आयडी, तो प्रॉगआयडी, नोंद लिहिल्याची वेळ आणि विंडोजच्या आतच ठेवलेलं एक ठरावीक वाक्य हे सगळं एकत्र घोळून तयार होते. ते वाक्य असं सुरू होतं, 'यूजर चॉईस सेट व्हाया विंडोज यूजर एक्सपीरियन्स', आणि पुढे महिरपी कंसात एक लांब कोड. एखाद्या सॉफ्टवेअरने नुसता प्रॉगआयडी बदलला आणि हॅश जुळला नाही तर विंडोज ती नोंद मानत नाही, आपलं ठरलेलं ॲप परत लावतं आणि कोपऱ्यात नोटिफिकेशन देतं की ॲप डीफॉल्ट रीसेट झालं.

कल्पना उत्तम. माणसाने स्वतः स्क्रीनवर क्लिक करून निवडलं असेल तरच ते खरं, मागच्या दाराने कुणी लिहिलं तर खोटं. मालवेअरच्या दृष्टीने बघितलं तर हे हवंच होतं. पण यातून एक गोष्ट आपोआप झाली जी तेव्हा फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. आता निवड बदलायचा अधिकृत रस्ता फक्त एकच उरला, विंडोजचा स्वतःचा स्क्रीन. आणि तो स्क्रीन कसा असेल, किती क्लिक लागतील, मध्ये काय जाहिरात दिसेल हे ठरवणारी कंपनी स्वतःचाच एक ब्राउझर विकसित करते, जो वरच्या अकरापैकी निम्म्याहून जास्त प्रकारांवर दावा सांगतो. माझ्या मते सगळं प्रकरण इथेच आहे, पुढचं सगळं त्याच्या फांद्या.

पकडापकडी

विंडोज १० हे २९ जुलै २०१५ ला आलं आणि दुसऱ्याच दिवशी मोझिलाचे तेव्हाचे सीईओ क्रिस बीअर्ड यांनी मायक्रोसॉफ्टचे सीईओ सत्या नाडेला यांना जाहीर पत्र लिहिलं, की अपग्रेड करताना लोकांनी आधी केलेली निवड पुसली जाते आणि परत जागेवर आणायला दुप्पट कष्ट पडतात. म्हणजे २०२१ चा वाद काही नवा नव्हता.

ऑगस्ट २०२१ मध्ये फायरफॉक्स ९१ आला तेव्हा मोझिलाने विंडोज १० वर तो हॅश स्वतःच तयार करायला सुरुवात केली, म्हणजे फायरफॉक्समधलं 'मेक डीफॉल्ट' बटण दाबलं की सेटिंग्जमध्ये न जाता काम व्हायचं, जे एज ब्राउझर स्वतः आधीपासून करत होता. यावर दोन बाजू आहेत. वापरणाऱ्याने बटण दाबलंय, त्याची इच्छा स्पष्ट आहे, मग अडवायचं का, ही एक. आणि मोझिला करू शकते तर उद्या कुठलाही चोरही तेच करू शकतो, ही दुसरी. मला दोन्ही पटतात, आणि दोन्ही पटतात म्हणूनच अधिकृत सोय हवी होती असं वाटतं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आणखी एक दार बंद झालं. विंडोजच्या सर्चमधून किंवा विजेट्समधून लिंक उघडली की ती साध्या एचटीटीपीएसने न जाता 'मायक्रोसॉफ्ट-एज' नावाच्या खास लिंकप्रकाराने जाते, त्यामुळे तुम्ही कुठलाही ब्राउझर डीफॉल्ट केलेला असो, ती एजमध्येच उघडते. डॅनियल अलेक्झांडरसन या डेव्हलपरने एजडिफ्लेक्टर नावाचं छोटं फुकट टूल केलं होतं, ते हा लिंकप्रकार स्वतःकडे घेऊन तुमच्या आवडीच्या ब्राउझरकडे वळवायचं. विंडोज ११ च्या चाचणी बिल्ड २२४९४ मध्ये हे बंद केलं गेलं, हा लिंकप्रकार एजशिवाय कुणाला देताच येईना. माणसाने स्वतः टूल शोधून, टाकून, सेटिंग्जमध्ये जाऊन निवडलेलं होतं, तरी. मालवेअरपासून संरक्षण हे कारण इथे लागू पडत नाही, आणि या एका पावलाचं समर्थन मला आजवर कुणाकडून पटेल असं ऐकायला मिळालेलं नाही.

मग ओरड झाल्यावर थोडी माघार. २८ मार्च २०२२ च्या केबी५०११५६३ या अपडेटमध्ये ब्राउझरच्या पानावर वरतीच 'सेट डीफॉल्ट' बटण आलं. पण त्या बटणाने चारच प्रकार बदलतात, एचटीटीपी, एचटीटीपीएस, एचटीएम आणि एचटीएमएल. पीडीएफ त्यात नाही, आणि ऑफिसात रोज ज्याच्यावरून वैताग होतो तो प्रकार नेमका पीडीएफच असतो.

१७ मार्च २०२३ ला मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की ॲप्सना सेटिंग्जच्या नेमक्या आपल्या पानावर माणसाला नेऊन सोडता येईल अशी लिंक देतोय, आणि आमची स्वतःची ॲप्सही तोच रस्ता वापरतील. चांगलं पाऊल, मनापासून. पुढच्या वर्षी फेब्रुवारी २०२४ च्या अपडेट्सबरोबर विंडोज १० आणि ११ दोन्हीत यूसीपीडी नावाचा एक ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या अगदी आत चालणारा प्रोग्रॅम, येऊन बसला, कुठेही गाजावाजा नाही. यूसीपीडी म्हणजे यूजर चॉईस प्रोटेक्शन ड्रायव्हर. क्रिस्टोफ कोल्बिट्झ हे आयटीवाले, ज्यांचं सेटयूजरएफटीए नावाचं टूल बऱ्याच कंपन्यांमध्ये डीफॉल्ट लावायला वापरलं जायचं, त्यांना आपलं टूल काही मशिन्सवर अचानक चालेना म्हणून त्यांनी शोध घेतला तेव्हा हे बाहेर आलं. ड्रायव्हर एचटीटीपी, एचटीटीपीएस आणि पीडीएफच्या यूजरचॉईस नोंदींवर पहारा देतो, हॅश बरोबर असला तरी मायक्रोसॉफ्टची सही नसलेल्या प्रोग्रॅमला लिहू देत नाही, आणि रजिस्ट्री एडिटर किंवा पॉवरशेल (विंडोजला कमांड द्यायचं टूल) वापरून तुम्ही स्वतः हाताने लिहायला गेलात तरी नाही.

स्वतःच्या मशीनवर, ॲडमिन असलेला माणूस, स्वतःच्या हाताने आपली निवड लिहू शकत नाही. याला संरक्षण म्हणायचं असेल तर ते कुणापासून हे आधी सांगावं लागेल.

मग दुसरीकडे कसं करतात

हे अशक्य असतं तर गोष्ट वेगळी होती. मॅकवर एखाद्या ब्राउझरला डीफॉल्ट व्हायचं असेल तर तो सिस्टिमला विनंती करतो, सिस्टिम स्वतःची खिडकी दाखवते की हा लावू का आधीचाच ठेवू, तुम्ही एक बटण दाबता. फाईलचं तर आणखी सोपं, गेट इन्फो उघडून ॲप निवडायचं आणि 'चेंज ऑल' दाबायचं. अँड्रॉइड १० पासून तसंच, ॲप 'ब्राउझर'ची भूमिका मागतं आणि फोन तुम्हाला विचारतो. लिनक्सवर तर तुमच्या होम फोल्डरमध्ये मिमॲप्स नावाची साधी टेक्स्ट फाईल असते, हवी तर नोटपॅडसारख्या एडिटरमध्ये उघडून वाचा आणि बदला.

सोसायटीच्या गेटवर पाहुणा आला की वॉचमन इंटरकॉमवर तुम्हाला विचारतो, सोडू का. पाहुण्याला परस्पर घुसू देत नाही आणि तुम्हाला खाली येऊन अकरा फॉर्मही भरायला लावत नाही. विंडोजमध्ये नेमका हाच इंटरकॉम बसवलेला नाही, सेटिंग्जच्या दारापर्यंत नेणारी लिंक आहे, पण 'हो' म्हणायचं एक बटण नाही.

युरोपात एक, आपल्याकडे एक

युरोपियन युनियनच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टखाली, म्हणजे मोठ्या टेक कंपन्यांना आवर घालणाऱ्या कायद्याखाली, ६ सप्टेंबर २०२३ ला विंडोजला 'गेटकीपर' सेवा ठरवलं गेलं आणि मार्च २०२४ पर्यंत नियम पाळायची मुदत दिली. त्या कायद्यात स्पष्ट आहे की वापरणाऱ्याला डीफॉल्ट सहज बदलता आलं पाहिजे. त्यानंतर युरोपियन इकॉनॉमिक एरियातल्या ३० देशांत एज ब्राउझर काढून टाकता येऊ लागला, विजेट्समधल्या लिंक डीफॉल्ट ब्राउझरमध्ये उघडू लागल्या, आणि जून २०२५ मध्ये जाहीर झालं की तिथलं 'सेट डीफॉल्ट' बटण चारावर न थांबता आणखी काही प्रकारही एका फटक्यात बदलेल.

म्हणजे तांत्रिक अडचण नव्हतीच. कोड लिहिलेला आहे, चालतोय, फक्त आपल्याकडे बंद ठेवलाय. आणि तुम्ही कुठले हे विंडोज कसं ठरवतं तर पहिल्यांदा मशीन सेटअप करताना जो देश निवडला तो, नंतर रीजन बदलून उपयोग नाही, पूर्ण रीसेट करावं लागतं. पुण्याहून डब्लिनला किंवा म्युनिकला नोकरीला गेलेल्यांनी तिथे लॅपटॉप घेऊन तिथेच सेटअप केला असेल तर त्यांना ही सोय मिळते, आणि इकडून घेऊन गेलेल्या लॅपटॉपवर त्याच टेबलावर बसून मिळत नाही. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये डिजिटल कॉम्पिटिशन बिलाचा मसुदा आला, त्यात डीफॉल्ट बदलू देण्याचा मुद्दा आहे, पण तो मसुदा आहे.

कुणी म्हणेल की पीडीएफ इथे उघडली काय नि तिथे उघडली काय, वाचायला मिळाली ना. तर तसं नाही. ई-आधारची पीडीएफ घ्या. त्यावर डिजिटल सही असते आणि ती खरी आहे का हे तपासायला आधार देणारी यूआयडीएआय स्वतः ॲडोबी रीडरमध्ये उघडायला सांगतं: आधी पिवळं प्रश्नचिन्ह आणि 'व्हॅलिडिटी अननोन' दिसतं, त्यावर क्लिक करून सर्टिफिकेटवर विश्वास ठेवल्याची नोंद केली की हिरवी खूण येते. ज्या ब्राउझरमध्ये ही तपासणीच होत नाही तिथे ते प्रश्नचिन्ह कायम छापल्यासारखं राहतं आणि समोरचा माणूस म्हणतो, हे आधार चालणार नाही. कंपनी सेक्रेटरी आणि सीएच्या ऑफिसात ज्यांनी कंपनी खात्याचे जुने ई-फॉर्म भरलेत त्यांना तर दुसरा प्रकार आठवत असेल, फॉर्म डबल क्लिक केला की ब्राउझरमध्ये 'प्लीज वेट' असं लिहिलेलं एक पान यायचं आणि कितीही थांबा, पुढे काहीच व्हायचं नाही, कारण तो फॉर्म एक्सएफए नावाच्या खास पीडीएफ प्रकारचा होता आणि तो ॲडोबी रीडरमध्येच उघडायचा. शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता ही वेळ आली की फाईल असोसिएशन, म्हणजे कुठली फाईल कशात उघडायची, हा विषय किती मोठा आहे ते कळतं.

आणि याची एक सुरक्षेची बाजूही आहे जी फार कमी बोलली जाते. २०१६ मध्ये लॉकी नावाचं रॅन्समवेअर (फाईल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) ईमेलमधल्या झिपमधून जेएस फाईल म्हणून यायचं, डबल क्लिक केलं की विंडोज ती स्क्रिप्ट सरळ चालवायचं, कारण जेएससाठी ठरलेला प्रोग्रॅम विंडोज स्क्रिप्ट होस्ट आहे. तोच प्रकार नोटपॅडला जोडून ठेवला तर डबल क्लिकवर नुसता मजकूर दिसतो, काही चालत नाही. कंपन्यांचे ॲडमिन हे मुद्दाम करतात. म्हणजे कुठली फाईल कशात उघडायची याचा ताबा माणसाकडे असणं हे स्वतःच एक संरक्षण आहे, त्याला संरक्षणाच्या नावाखाली कमी करणं उलटं आहे.

आज हातात काय आहे

सगळ्यात आधी एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, मग 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. विंडोज हे मुळात लपवून ठेवतं, आणि जो प्रकार दिसतच नाही त्याच्यावर ताबा कसला, शिवाय 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' अशी फाईल लपवालपवीत नुसती 'बिल डॉट पीडीएफ' दिसते. मग कुठल्याही पीडीएफवर राइट क्लिक, ओपन विथ, चूज अनदर ॲप, आपलं ॲप निवडून खाली 'ऑल्वेज' दाबा, 'जस्ट वन्स' नाही. हा रस्ता सेटिंग्जपेक्षा जवळचा आहे आणि हॅशही नीट तयार होतो. एकेका प्रकारासाठी डीफॉल्ट ॲप्सच्या पानावर वरच्या सर्च बॉक्समध्ये टिंब देऊन तो प्रकार टाईप केला की थेट त्याचीच ओळ येते, अकरा ओळी शोधत बसायला नको. जेएस, व्हीबीएस आणि एचटीए हे तीन स्क्रिप्टचे प्रकार घरच्या कम्प्युटरवर तिथूनच नोटपॅडला जोडून टाका.

ऑफिसात दहा-वीस मशिन्स डोमेनवर (म्हणजे ऑफिसच्या एकाच सर्व्हरच्या ताब्यात) असतील तर एकेकावर फिरू नका. एका मशीनवर सगळं हवं तसं लावा, विंडोजसोबतच येणाऱ्या डिझम कमांडने डीफॉल्ट असोसिएशन्स एक्सएमएल फाईलमध्ये काढा आणि ग्रुप पॉलिसीत (सगळ्या मशिन्सना एकदम नियम लावायची सोय) 'सेट अ डीफॉल्ट असोसिएशन्स कॉन्फिगरेशन फाईल' मध्ये तिचा पत्ता द्या, हा अधिकृत रस्ता आहे. फक्त पूर्ण यादी तशीच देऊ नका, जे प्रकार खरंच ठरवायचेत तेवढ्याच ओळी ठेवून बाकीच्या काढून टाका, कारण ही पॉलिसी प्रत्येक लॉगिनला परत लागू होते आणि मग तुमच्याच ऑफिसातल्या माणसाने दुपारी केलेली निवड दुसऱ्या दिवशी सकाळी पुसलेली असते. होम एडिशनमध्ये ग्रुप पॉलिसी येत नाही, तिथे राइट क्लिकचाच रस्ता.